मोती तलावाकाठची सावंतवाडी : एकटीने काढलेल्या दिवसाचा जमाखर्च

गोव्याला निघालेला माणूस सहसा सावंतवाडीत थांबत नाही. झाराप ते पत्रादेवी हा चौपदरी बाह्यवळण रस्ता झाल्यापासून मुंबई-गोवा महामार्गावरची वाहने या गावाला वळसा घालून थेट पुढे जातात, आणि पूर्वी निदान चहापाण्यासाठी तलावाकाठी टेकणारा प्रवासीही आता बांद्याच्या पुढे गेल्यावरच गाडीतून उतरतो. गावातल्या दुकानदारांना हे खटकत असणार, पण पाहुणीच्या नजरेने पाहिले तर या वळशाने गावाचे भलेच केले आहे. जुनी पेठ, जांभ्या दगडाचा राजवाडा आणि त्यासमोरचे पाणी हे सगळे अजून गावकऱ्यांच्या रोजच्या वापरात आहे; पर्यटकांसाठी मांडून ठेवल्याची कळा त्याला आलेली नाही. पणजीला कामासाठी आलेली असताना मधला एक दिवस अचानक मोकळा मिळाला, तेव्हा सकाळी मनात आले आणि मी निघाले. त्यामुळे पुढचे परीक्षण एका नेमक्या प्रश्नापुरते आहे: आधी काही न ठरवता, एकटीने, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे असेल तर सावंतवाडी कशी आहे? माझ्या मते फार चांगली आहे, मात्र तलावाची छायाचित्रे काढण्यापेक्षा राजवाड्यातल्या गंजिफांना, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांना, जास्त वेळ देण्याची तयारी हवी. ती नसेल, तर गाव दोन तासांत संपते आणि उरलेला दिवस रिकामा वाटू लागतो.

पोहोचण्याची सोय बरी आहे. पणजी आणि म्हापशाहून बांदामार्गे येणाऱ्या एसटी आणि गोव्याच्या कदंब परिवहनाच्या गाड्या थेट गावातल्या बसस्थानकावर सोडतात, आणि तिथून तलाव चालत गाठता येतो. मुंबईहून येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वे आहे. केशवसुतांच्या स्मरणार्थ नाव मिळालेली तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्री निघते आणि याच गावाच्या नावाच्या स्थानकावर तिचा प्रवास संपतो. पण सावंतवाडी रोड हे स्थानक गावापासून सात-आठ किलोमीटर दूर आहे, आणि गाडी गेल्यावर फलाट रिकामा होतो तसे रिक्षांचे दरही बदलतात. रेल्वेने येणाऱ्याने भाडे आधी ठरवूनच बसावे. एका दिवसाच्या सहलीसाठी मुंबई तशीही दूरच पडते. ही सहल खरी गोव्यात, कुडाळ-मालवणात किंवा बेळगावात असलेल्यांची आहे. बेळगावहून आंबोली घाट उतरून येणारा रस्ता पावसाळ्यात अतिशय देखणा असतो, पण त्याच दिवसांत घाटात गर्दीही उसळते, याचा हिशेब धरूनच निघावे.

मोती तलाव १८७४ साली बांधून काढलेला आहे. तो निसर्गरम्य आहे, हे सांगायला परीक्षणाची गरज नाही. मला त्याचे महत्त्व वाटले ते त्याच्या जागेमुळे. एका बाजूला राजवाडा, दुसरीकडे बाजारपेठ, काठावर महाविद्यालय, श्रीराम वाचन मंदिर हे जुने ग्रंथालय, केशवसुत कट्टा आणि आझाद हिंद सेनेतले सेनानी जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचे उद्यान, असे गावाचे सगळे सार्वजनिक जीवन या पाण्याभोवती मांडलेले आहे. एकटीने फिरणाऱ्या व्यक्तीला याचा फायदा असा की नकाशा उघडावा लागत नाही: गल्लीत कुठेही शिरले तरी बाहेर पडताना पाणी दिसले की दिशा कळते. प्रदक्षिणा रमतगमत अर्ध्या-पाऊण तासात पुरी होते. पाऊस नुकताच ओसरला होता, त्यामुळे तलाव भरलेला होता आणि समोरचा डोंगर अजून हिरवाच होता. एप्रिल-मेमध्ये इथले ऊन आणि दमटपणा पाहता हीच फेरी दुपारी घालण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. काठावर बसायला जागा पुष्कळ आहे, झाडांची सावलीही आहे, पण ती सगळीकडे सारखी नाही. वाहनांची वर्दळ तलावाला लागूनच चालते, तेव्हा शांतता हवी असेल तर सकाळी लवकर यावे.

राजवाडा खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात उभा राहिला. इमारत जांभ्याची, कमानींची आणि प्रमाणात बेताची आहे. म्हैसूर किंवा बडोद्याचा दिमाख मनात धरून येणाऱ्याची निराशा होईल. इथे दालनामागून दालने पाहत फिरायचे नसते. पाहायचा तो मुख्यतः दरबार हॉल, तिथले सिंहासन, जुनी छायाचित्रे आणि तिथेच बसून काम करणारे कारागीर. राजघराण्याचा वावर या वास्तूत अजून आहे, आणि एका भागात आता निवासाची सोयही केलेली आहे, जिथल्या खोल्यांना दशावतारांची नावे दिली आहेत. एका दिवसासाठी येणाऱ्याला तिचा उपयोग नाही, पण मुक्काम करायचा झाल्यास ती विचारात घेण्यासारखी आहे. प्रवेश तिकीट काढून मिळतो. दुपारी मध्ये काही काळ दार बंद असते, म्हणून सकाळचा पहिला कार्यक्रम राजवाड्याचाच ठेवावा आणि जेवण नंतर करावे. उलट क्रम लावला तर बंद दारासमोर उभे राहण्याची पाळी येते, आणि न ठरवता निघालेल्यांवर ती हमखास येते.

आता गंजिफांकडे येते, कारण माझ्या दृष्टीने तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली, खेळायची गोल पाने. सावंतवाडीचा मुख्य संच दशावतारी आहे: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२० पाने. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने असतात. राजाच्या पानावर तो अवतार स्वतः विराजमान असतो आणि प्रधान घोड्यावर स्वार असतो. अंकांच्या पानांवर त्या त्या अवताराची खूण तितक्या वेळा काढलेली असते: मत्स्याची मासळी, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाची कुऱ्हाड. कासवांची दश्शी हातात घेतली तर नाण्याहून थोड्या मोठ्या वर्तुळात दहा कासवे बसलेली दिसतात, एकही दुसऱ्यावर चढलेले नाही, आणि जवळून पाहिल्यावर कळते की कोणतीही दोन कासवे तंतोतंत सारखी नाहीत.

कारागिरांशेजारी बसू देतात, आणि घाई नसलेल्या माणसाशी ते मोकळेपणाने बोलतात. गटाने आलेली मंडळी दहा मिनिटांत छायाचित्रे काढून गेली. मी एकटी असल्यामुळे थांबू शकले, आणि या सहलीत एकटेपणाचा सर्वांत मोठा लाभ मला तोच वाटला. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून पाने बनवत, त्यावर अस्तर देऊन रंगकाम करत आणि शेवटी लाखेचा हात देत. आता बैठक कागदाची असली तरी रंगकाम कुंचल्यानेच होते. आधी पानाचा तळरंग भरला जातो, मग आकृतीचे मोठे भाग, मग कडेची नक्षी, आणि सर्वांत शेवटी काळ्या रेघेने डोळे व दागिने. माझ्यासमोर बसलेल्या बाई एकाच रंगाची पाने ओळीने मांडून सगळ्यांवर एकदम तोच टप्पा करत होत्या, म्हणजे आधी सगळ्या पानांचे तळ, मग सगळ्यांच्या कडा. त्यामुळे छटा सारखी राहते, असे त्यांचे म्हणणे. रेघ ओढताना त्या श्वास रोखून धरत, आणि प्रश्नाचे उत्तर रेघ संपल्यावरच मिळे.

खेळाचे नियम मी तिथेच समजून घेतले, आणि ते समजल्याशिवाय पानांकडे पाहणे अर्धवट राहते असे मला वाटते. खेळायला निदान तिघे लागतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. हुकूम नसतो. पाच अवतारांच्या रंगांत राजा आणि प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत हा क्रम उलटा होऊन एक्का मोठा. दिवसा डाव मांडला तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा असलेल्याने. कोणते पान पडले आणि कोणते कोणाच्या हातात उरले हे १२० पानांपर्यंत ध्यानात ठेवायचे असल्यामुळे हा खेळ नशिबापेक्षा स्मरणशक्तीचा जास्त आहे, आणि खेळता खेळता देवाचे नाव तोंडी येते म्हणून जुन्या पिढीने या पत्त्यांना जुगाराच्या पत्त्यांइतके वाईट मानले नाही.

ही कला आज टिकून आहे याचे श्रेय शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले या सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या दांपत्याला जाते. गावात ती जाणणारे चितारी जवळजवळ उरले नव्हते, तेव्हा सत्त्वशीलादेवींनी स्वतः जुन्या चिताऱ्याकडून हे काम शिकून घेतले आणि राजवाड्यातच तरुण कारागिरांना हाताशी धरून ते पुन्हा उभे केले. अलीकडे सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. विक्रीकक्षात पूर्ण संचाबरोबर रंगवलेले डबे, पाट, चौरंग आणि लहान शोभेच्या वस्तूही मिळतात. हाताने रंगवलेला पूर्ण संच हजारोंच्या घरात जातो. ही किंमत ऐकून मागे सरकणारे पुष्कळ दिसले, पण एका संचात १२० लघुचित्रे असतात हे लक्षात घेतले तर मला ती महाग वाटत नाही. एकटीने फिरणाऱ्या बाईने तिघांचा खेळ विकत घ्यावा का, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला आणि एका लहान रंगीत डबीवर समाधान मानले. बांधून देताना ती मऊ कागदात व्यवस्थित गुंडाळून दिली, आणि परतीच्या बसमध्ये तिला ओरखडाही उठला नाही.

चितार आळीबद्दल इतके निखळ चांगले लिहिता येणार नाही. लाकडी खेळण्यांची ही गल्ली प्रसिद्ध आहे, आणि ज्यांनी लहानपणी रुखवतात मांडलेली लाकडी फळे पाहिली आहेत त्यांना इथे पाऊल टाकताच ओळख पटेल: आंबा, काजूचे बोंड, सीताफळ, केळ्यांची फणी, फोडी वेगळ्या करता येणारे कलिंगड. भातुकलीचे संच, भोवरे, बैलगाड्या, देव्हारे आणि पाट यांनी दुकाने छतापर्यंत भरलेली असतात. फळांसाठी परंपरेने पांगाऱ्याचे लाकूड वापरतात. ते वजनाला इतके हलके असते की भलामोठा आंबा तळहातावर घेतल्यावर पोकळ असल्याचा भास होतो. पांगारा आता पूर्वीसारखा मिळत नाही, असे दुकानदार सांगतात, आणि दुसरी लाकडेही वापरात आली आहेत.

अडचण अशी की सगळ्या दुकानांतला सगळा माल गावचा नाही. लाकडाच्या शेजारीच प्लॅस्टिकची खेळणी लटकलेली असतात, आणि लाकडी वस्तूंतही बाहेरून आलेल्या आहेत. एका दुकानात मी ‘हे कोणी केले’ असे विचारले तेव्हा ‘इथलेच आहे’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. दुसऱ्या दुकानात मात्र त्याच प्रश्नावर मालकांनी मागच्या पडवीतले अर्धे कातलेले ठोकळे दाखवले आणि रंग वाळायला किती वेळ लागतो तेही सांगितले. खरेदी अर्थातच दुसरीकडे झाली. ओळखण्याची माझी रीत साधी आहे. एकाच प्रकारची दोन फळे शेजारी धरावीत: हाताच्या कामात देठाची लांबी, डागांची जागा, रंगाची उतरण यांत थोडा फरक राहतोच. तळाशी लाकडाचा पोत दिसतो का, रंग नखाला लागतो का, हेही पाहावे. लहान मूल वस्तू तोंडात घालण्याच्या वयाचे असेल तर रंग कोणता वापरला आहे हे स्पष्ट विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर ती वस्तू शोभेसाठीच घ्यावी. भाव करण्याची पद्धत आहे, पण जिथे काम समोर दिसते तिथे फार घासाघीस करणे मला प्रशस्त वाटले नाही. दुपारच्या वेळी अनेक दुकाने फळ्या लावून घेतात, तेव्हा आळीत जायचे ते चार वाजल्यानंतर.

जेवणाला मी तलावापासून थोड्या आतल्या गल्लीतल्या एका घरगुती खानावळीत गेले. एकट्या व्यक्तीसाठी मालवणी ताट हा आदर्श प्रकार आहे, कारण निवड करावी लागत नाही आणि उरतही नाही: तळलेला बांगडा, माशाची आमटी, भात, दोन चपात्या, सोबत सुके आणि सोलकढी. आमटीत तिरफळांचा वास होता आणि खोबरे बारीक वाटलेले होते. तिखटाचा हात सढळ होता, पण जिभेला झोंबून चव हरवेल इतका नव्हता. तळणासाठी रव्याचा थर जाड दिल्यामुळे बांगड्याची कड कोरडी पडली होती, एवढे एक उणे. सोलकढी मात्र ताजी, नारळाच्या पहिल्या दुधाची आणि आगळाचा आंबटपणा नेमका असलेली होती. वाढणाऱ्या मावशींनी ‘एकट्याच इलात?’ एवढे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ‘वायच सोलकडी घेवा’ म्हणून वाटी पुन्हा भरली. गर्दीच्या वेळी अनोळखी लोकांबरोबर एकाच टेबलावर बसावे लागते. माझ्यासमोर बाजाराला आलेल्या दोन बाया होत्या आणि त्यात अवघड वाटण्यासारखे काही नव्हते. अडीचनंतर येणाऱ्यांना सुरमई संपल्याचे ऐकावे लागत होते, त्यामुळे राजवाड्यातून निघाल्यावर फार रेंगाळू नये. मासे न खाणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे हा उत्तम पर्याय आहे, पण तो सगळ्या खानावळींत रोज मिळेलच असे नाही. आत जाण्याआधी विचारावे.

एकट्या स्त्रीने फिरण्याच्या दृष्टीने गावाला मी चांगले गुण देईन. तलावाकाठी दिवसभर विद्यार्थी, फिरायला आलेली वयस्कर माणसे आणि बाजारहाट करणाऱ्या बाया असतात, त्यामुळे एकटे बसलेल्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही. स्वच्छतागृहांची बाजू लंगडी आहे. जेवणाच्या ठिकाणी आणि राजवाड्यात सोय उरकून घ्यावी, बसस्थानकावर विसंबू नये. नरेंद्र डोंगरावर मारुतीचे मंदिर आहे आणि वरून गाव दिसते, पण रस्ता झाडीतून जातो आणि दुपारनंतर तिथे माणसांची वर्दळ कमी होते. मी गेले नाही, आणि एकटीने उशिरा जाऊ नये असेच सांगेन. सकाळी सोबत असेल तर जरूर जावे.

मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला चितार आळी आणि उद्यान पुरेसे होईल, दरबार हॉलमध्ये मात्र मुले कंटाळतील. समुद्र हवा असलेल्यांनी सरळ वेंगुर्ल्याचा रस्ता धरावा. पोहणे, खेळ, झगमगाट यांपैकी काहीही इथे नाही. चित्रकला, हस्तकला किंवा जुन्या खेळांविषयी ओढ असलेल्या व्यक्तीला मात्र गोव्याच्या कोणत्याही मुक्कामातून एक दिवस काढून इथे यावे असे मी आग्रहाने सांगेन, आणि उत्तर गोव्यातला मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून हे आणखी सोपे झाले आहे. रविवार आणि सणांचे दिवस टाळावेत. गणेशोत्सवात घरोघरच्या मूर्ती याच तलावात विसर्जित होतात, तेव्हा गाव पाहण्यासारखे असते, पण कारागीरही आपापल्या घरी असतात. उतरल्या उतरल्या बसस्थानकावर परतीच्या गाड्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात, कारण संध्याकाळनंतर गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या विरळ होतात आणि ज्या असतात त्यांत बांद्यापर्यंत उभ्यानेच जावे लागते.